वस्तादांच्या पोटातली बेडकी

“पाय काढ! भूपाल, पाय खाली घे!”

मी तालमीच्या दारातूनच ओरडलो. सायकल बाहेर तशीच आडवी टाकली होती. आत कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला अंथरलेल्या घोंगड्यावर केरबा वस्ताद उताणे पडले होते, नुसत्या लंगोटावर, पोटाला तेल चोपडून. भूपालनं एका हातानं भिंतीतली खुंटी धरली होती आणि उजवा पाय उचलून तो वस्तादांच्या बेंबीवर टेकवायच्या बेतात होता.

भूपाल माझा जुना विद्यार्थी. वर्गात मी कधी आवाज चढवला नव्हता, त्यामुळं तो दचकला. पाय तसाच अधांतरी राहिला.

“काय झालं, मास्तर?”

“आधी पाय जमिनीवर ठेव.”

त्यानं ठेवला. वस्तादांनी मान न हलवता डोळे तेवढे माझ्याकडं फिरवले.

“शाळा सुटली न्हवं तुझी? मग हितं कुणाची हजेरी घेतोयस?”

मला धाप लागली होती. एसटीच्या फाट्यापासून गावापर्यंत सायकल दामटत आलो होतो.

आमच्याकडं तालमीत अंग रगडायचं ते पायानं. हाताचा जोर पैलवानाच्या पाठीला पुरत नाही. एकानं पालथं पडायचं आणि दुसऱ्यानं खुंटीला धरून त्याच्या पाठीवर चालायचं. पोटात दुखायला लागलं तर म्हणायचं, बेंबी सरकली. चांगल्या माणसाचा ठोका बेंबीवर लागतो. तो बाजूला गेला की बेंबी सरकली, आणि मग पोट दाबून तो ठोका जागेवर आणायचा. पंचक्रोशीत हे काम केरबा वस्तादांएवढं कुणाला जमत नसे. लांबलांबून माणसं बैलगाडीनं यायची. वस्ताद बोटांनी ठोका शोधायचे, अंगठ्यानं रेटायचे, पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायचे आणि माणूस चालत घरी जायचा. पैसा घेत नसत.

आज त्यांच्याच पायाच्या अंगठ्याला काळा दोरा होता.

“माझीच सरकलीय,” ते म्हणाले. “म्हणून पाठीतनं कळ येतीया. माझ्या बोटांनी मला जोर लागंना, म्हणून ह्याला उभा केला. तू मधी शिंकलास.”

“वस्ताद, बेंबी नाही सरकलेली.”

“मग काय सरकलंय? तुझं डोस्कं?”

भूपाल हसला. मी हसलो नाही हे पाहून थांबला.

सकाळी मीच त्यांना तालुक्याला नेलं होतं. आठवडाभर पाठ दुखत होती, तरी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी सांगायला कुणी नव्हतंच. लंगोटाला जपलेला माणूस, लग्न केलं नाही, सख्खा भाऊ नाही. माझे वडील नेमगोंडा हे त्यांचे जोडीदार. दोघं एकाच हौद्यात वाढलेले. वडील गेल्यावर आमच्या घरात वडीलधारं माणूस म्हणजे वस्तादच, आणि वस्तादांना मुलगा म्हणजे मी, असं चाललं होतं.

डॉ. मुजावरांना मुतखडा वाटला. त्यांनी सोनोग्राफी केली. पोटावर यंत्र फिरवता फिरवता ते बोलायचे थांबले, आणि मग ‘मिरजेच्या सर्जनांशी जरा बोलून येतो’ म्हणून आत गेले. फोन लागायला वेळ लागला. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात वस्ताद उठले. उद्या गावच्या जत्रेचं कुस्तीचं मैदान, माती मळायची राहिलीय, असं कंपाउंडरला सांगून मिळेल त्या गाडीनं गावाकडं निघून गेले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा बाकावर मी होतो आणि दोन कप चहा होता.

“कुठं आहेत ते?” डॉक्टरांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर डोक्याला हात लावला.

पुढचं त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. हे सगळं आता तालमीत, वस्तादांना कळेल असं सांगायचं होतं.

“वस्ताद, मिरजेला जायचंय. आत्ता. झोपूनच.”

“उद्या मैदान हाय.”

“मैदान होईल.”

“जोड कोण लावणार? तू? कुणाची कुस्ती कुणाशी लावायची ते चुकलं तर डोकी फुटतात, मास्तर. गणित न्हाई ते.” त्यांनी कोपरं टेकली. “आणि मला काय धाड भरलीय? हे बघ, आत्ता पन्नास बैठका मारून दाखवतो.”

ते उठायला लागले. पोटाचे स्नायू ताणले गेले आणि बेंबीच्या वर, जरा डावीकडं, तेलकट कातडीखाली ती गोष्ट ठळक उडाली.

“उठू नका!” मी गुडघ्यावर बसलो आणि त्यांचे दोन्ही खांदे धरले. वस्तादांच्या खांद्याला असा हात मी जन्मात लावला नव्हता. “तुमच्या पाया पडतो, उठू नका.”

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग पाठ पुन्हा घोंगड्यावर टेकली.

“ह्या बेडकीपायी चाललंय हे?”

ती बेडकी साऱ्या गावाच्या ओळखीची होती. वस्ताद उताणे झोपले की पोटात काहीतरी थाडथाड उडताना दिसायचं. शाळा सुटली की माझ्या वर्गातली पोरं दप्तरासकट तालमीत घुसायची. वस्ताद पोटावर लिंबू ठेवायचे. ठोक्याठोक्याला लिंबू उडायचं आणि शेवटी घरंगळून खाली पडायचं. “बेडकी हाय रं आत,” ते पोरांना सांगायचे, “माझ्या वाटणीचं दूध पिती आणि उड्या मारती.” पोरं खिदळायची.

“हो,” मी म्हणालो. “त्या बेडकीपायीच.”

“ती जुनी हाय. काय करत न्हाई.”

“किती जुनी?”

“आता...” ते आठवू लागले. बोटं आपसूक पोटाकडं गेली. “कुस्ती सुटली, विडी लागली, त्याच्यानंतरची. पयल्यांदा हाताला लागली तवा एवढीशी हुती, सुपारीवाणी. मग लिंबू. दोन पावसाळे लिंबूच हुती, हललीच न्हाई. गेल्या साली बघतो तर मोसंबी.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. “मला वाटलं, ताकद गोळा झालीय.”

असं हे माणसाच्या पोटात वाढतं. दुखत नाही, खुपत नाही, ताप नाही. ज्याचं बोट दुसऱ्याच्या पोटातला केसाएवढा फरक ओळखायचं, त्याच्या बोटाखाली हे सुपारीपासून मोसंबीपर्यंत वाढलं होतं आणि त्यानं त्यावर लिंबू नाचवलं होतं.

“भूपाल,” मी म्हणालो, “दुकान उघडं आहे?”

भूपालचं सायकलचं दुकान तालमीला लागूनच.

“हाय की.”

“झिजलेली ट्यूब आण एखादी. फुगा येणारी. आणि पंप. आणि येताना जीपवाल्याला उभा कर.”

“जीप कशाला?” वस्ताद गुरगुरले.

“ते नंतर ठरवू. आधी ट्यूब बघा. पटलं नाही तर मी गप्प घरी जातो.”

हे मी बोलून गेलो, पण त्यांना पटलं नाही तर काय करायचं हे मला खरंच ठाऊक नव्हतं. भूपाल येईपर्यंत मी त्यांच्या पोटाकडं बघत बसलो. बेडकी उडत होती. एकेका ठोक्यानंतर मी पुढच्या ठोक्याची वाट बघत होतो.

भूपालनं आणलेली ट्यूब जुनी, राखाडी पडलेली होती. मी ती वस्तादांच्या हातात दिली.

“काळजातून एक मोठी नळी निघते. कण्याला धरून खाली येते आणि इथं, बेंबीपाशी, तिला दोन फाटे फुटतात. एक या पायाला, एक त्या पायाला. सगळं रक्त त्यातून जातं. तुम्ही बेंबीवर जो ठोका शोधता ना, तो या नळीचा.”

“बेंबीचा न्हवं?”

“नळीचा. ती असते अंगठ्याएवढी जाड. तिची भिंत रबरासारखी, ताणते आणि परत जागेवर येते. दिवसरात्र. भूपाल, मार हवा.”

भूपालनं पंप मारला. ट्यूब हळूहळू गोल झाली.

“आता वय झालं. वर विडीचा धूर. तो छातीतच राहत नाही, रक्तात उतरतो आणि त्या भिंतीतलं रबर खातो. वर रक्ताचा दाब. भिंत एका जागी झिजते. अजून मार.”

ट्यूबच्या एका अंगाला लहानसा फुगवटा आला. बाकीची ट्यूब होती तशीच.

“हात लावा.”

वस्तादांनी बोट ठेवलं. “ही सुपारी झाली,” ते हळूच म्हणाले.

“अजून मार, भूपाल.”

फुगवटा वाढला. तिथलं रबर फिकं पडत चाललं.

“हवा सगळीकडं सारखीच भरतीया,” वस्ताद म्हणाले, “मग ही एकटीच का वाढतीया?”

साऱ्या नोकरीत मला यापेक्षा चांगला प्रश्न कुणी विचारला नाही.

“हवा सगळीकडं सारखीच रेटते, वस्ताद. झिजलेली जागा तेवढी मागं सरते. सरली की ताणली जाते, ताणली की पातळ होते, पातळ झाली की अजून सरते. म्हणून लिंबू दोन वर्षं लिंबू राहिलं आणि मोसंबी एका वर्षात झाली. जितकी मोठी, तितकी घाई.”

भूपालनं पुन्हा दांडा दाबला. फुगवटा आता पुढं आला होता, आणि त्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी दिसत होती. पंपाचा दांडा वर गेला. वस्तादांचा अंगठा फुगवट्यावर होता. पोट बसवताना ठेवायचे तसाच.

“आता दाबा,” मी म्हणालो.

त्यांनी दाबला नाही. भूपालनं वर घेतलेला दांडा खाली दाबायला सुरुवात केली.

“बास कर रं,” वस्ताद म्हणाले. त्यांनी अंगठा उचलला आणि ट्यूब अलगद, फार अलगद, घोंगड्यावर ठेवली. “पाठ का दुखतीया?”

“भिंत फाटायला आलीय म्हणून.”

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “भूपाल, उद्या जोड तू लाव. जोतिबाच्या पोराला वडगावच्या पैलवानाशी लावू नगंस, दोघांच्या घरची जुनी खुन्नस हाय. आणि ते गाडीवालं आलं का बघ.”

जीपच्या मागच्या भागात गादी टाकून आम्ही त्यांना निजवलं. दिवस मावळायला आला होता. भूपालला मैदानासाठी थांबणं भाग होतं. तो जीपच्या मागं चार पावलं चालत आला आणि मग उभा राहिला. ज्या पायानं तो वस्तादांच्या पोटावर उभा राहणार होता, त्याच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं: धक्का नको, जोर नको, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, त्यांना घाबरवू नका, संताप येऊ देऊ नका. दाब चढला की संपलं. जीपवाल्याला मी सांगितलं, खड्डा दिसला की माणसाच्या चालीनं, हळू घे. रस्ता उसाच्या गाड्यांनी पार उखडला होता. प्रत्येक खड्ड्याला मी वस्तादांच्या तोंडाकडं बघत होतो. कपाळावर घाम यायला लागला होता.

“दुखतंय?”

“दुखू दे. तू गप बस.”

मी त्यांच्याखालची गादी सरळ केली. मग तेच बोलले.

“नेमाची पाठ अशीच दुखत हुती.”

वडिलांचं नाव ऐकून मी त्यांच्याकडं वळलो.

“तंबाखू खुडून आला हुता. दारातच म्हणाला, केरबा, बेंबी सरकलीय माझी, बसव जरा. ठोका बघितला मी.” त्यांचा हात पोटावर होता, तळवा उघडा, बोटं सैल. “लई मोठा ठोका हुता. माझ्या हाताला अजून आठवतोय. चांगला रगडून बसवला. उठला, म्हणाला, बरं वाटतंय. दिवेलागणीला त्याच्या दारात रडारड.”

जीप एका खड्ड्यातून हळूच उतरली आणि वर चढली.

“मास्तर, नेमाला पण हेच हुतं काय?”

डॉ. मुजावरांच्या दवाखान्यात, हातात थंड झालेला चहा घेऊन, मीही हेच विचारलं होतं. वडील गेले तेव्हा अंग घामानं भिजलेलं होतं, चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता, आणि पोट फळीसारखं टणक. गावातल्या जुन्या डॉक्टरांनी हृदय म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी हृदय म्हटलं. मुजावर ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तुमच्या सांगण्यावरून तेच वाटतं. रगडल्यामुळं गेले, की जाणारच होते, हे आता कुणीही सांगू शकणार नाही.” आणि लगेच, “तुम्ही आधी गाव गाठा. यांचं पोट कुणी दाबू देऊ नका.”

मी सायकल एवढी का दामटली होती, हे आता कळेल.

मुलांना मी कधी चुकीचं उत्तर दिलं नाही. येत नसेल तर म्हणायचो, उद्या बघून सांगतो. वस्ताद माझ्याकडं बघत होते. त्यांच्या बोटांखाली बेडकी उडत होती, आणि मला वाटलं, ती मघापेक्षा जोरात उडतेय.

“नाही, वस्ताद,” मी म्हणालो. “वडिलांचं हृदय होतं.”

“हृदय.”

“डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. झटका होता. पाठदुखी वेगळी.”

“पाठदुखी वेगळी.” ते पुटपुटले. “मग बरं.”

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या कपाळावरचा घाम उपरण्यानं टिपला.

मिरजेच्या अलीकडं रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी येत होती, ती येतच राहिली. वस्तादांचे ओठ पांढरे पडत होते. एकदा त्यांनी दात आवळले आणि माझं मनगट धरलं. ती पकड मला लहानपणापासून माहीत होती. आज ती सैल होती. मी डबे मोजत नव्हतो, ठोके मोजत होतो. फाटक उघडलं. जीपवाल्यानं मग खड्डे बघितले नाहीत आणि मीही त्याला काही बोललो नाही. दवाखान्याच्या दारात दोघंजण ढकलगाडी घेऊन उभेच होते. मुजावरांनी फोनवर कळवून ठेवलं होतं.

ऑपरेशन खूप वेळ चाललं. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. सर्जन बाहेर आले तेव्हा टोपी काढून घाम पुसत म्हणाले, “भिंतीला चीर पडली होती. रक्त पाझरायला लागलं होतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी काही करू शकलो नसतो.” झिजलेल्या जागी त्यांनी कापडाची विणलेली नळी शिवली होती.

वस्ताद उठून बसायला लागले तसे खुशालीला आलेल्या प्रत्येकाला तेच सांगायचे. “कापड घातलंय आत. धोतर बाहीर असतंय, माझं आत.” भूपाल जत्रेचा नारळ घेऊन आला. एकही डोकं न फुटता मैदान पार पडलं होतं. वस्तादांनी विचारलं, “जोतिबाच्या पोराला कुणाशी लावलास?” उत्तर ऐकून मान डोलावली. मग पायाच्या अंगठ्याचा काळा दोरा त्याच्याकडून सोडवून घेतला आणि खिडकीतून टाकून दिला.

“ह्याच्यापुढं कुणाची बेंबी बसवणार न्हाई,” ते म्हणाले. “आलाच कुणी, तर मास्तरकडं धाडून दे. मास्तर ट्यूब दाखवंल.”

भूपाल गेला. आम्ही दोघंच राहिलो. वस्ताद भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपले असतील म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं.

“मोठा डॉक्टर सकाळी एक इचारत हुता,” ते भिंतीकडंच बघत म्हणाले. “हे घराण्यात असतंय म्हणं. बापाला असलं तर पोराला बघायचं, भावाला असलं तर भावाला.”

“तुम्हाला कुणी नाही, म्हणून सांगायचं.”

“सांगितलं. मला कुणी न्हाई.” ते थांबले. “तू तपासून घे.”

वर्तमानपत्र माझ्या हातातच राहिलं.

“मी कशाला? आपलं कुठं रक्ताचं नातं आहे?”

वस्ताद कुशीवर वळले. टाक्यांमुळं वळायला वेळ लागला. डोळे लाल होते.

“मास्तर, तू शिकवताना लई चांगला बोलतोस,” ते म्हणाले. “खोटं तुला बोलाय येत न्हाई. जा. खाली यंत्र हाय.”

मी उठलो. त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या पोटावर, सदऱ्यावरूनच, बेंबीच्या जरा वर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला आणि लगेच काढून घेतला.

खाली सोनोग्राफीच्या खोलीत अंधार आणि गारठा होता. मी टेबलावर उताणा झालो. तंत्रज्ञ बाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी पोटावर थंडगार लेप लावला आणि यंत्र टेकवलं. पडद्यावर करड्या अंधारात काहीतरी उघडमीट करू लागलं.

“तुमच्या घरात कुणाला हा त्रास होता का?” बाईंनी पडद्याकडं बघतच विचारलं.

जीपमध्ये वस्तादांनीही हेच विचारलं होतं.

“हो,” मी म्हणालो. “वडिलांना.”